गुडघ्यावर बसून खेळता येत नाही

लिस्बनच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आमच्या संघातली मिरेंबे त्यांच्या खिडकीपुढे गेली आणि दिसेनाशी झाली. खाली बसली होती. गुडघे टेकून, मान लववून, आईने शिकवल्याप्रमाणे त्यांची खुशाली विचारत होती. त्या बाईंना वाटलं, पोरीला चक्कर आली. त्या ओरडत उठल्या, दोन पोलीस धावले, एकाने पाण्याची बाटली आणली. मी रांगेतून हाका मारत होते, "अगं उभी राहा! मिरेंबे, ऊठ आधी!" आणि मिरेंबे खालूनच म्हणाली, "नालोंगो, त्यांनी अजून उत्तर दिलं नाही."

अर्धा तास गेला त्यात. बाकीच्या दहाजणींच्या बोटांचे ठसे, फोटो, हॉटेलचे कागद सगळं पुन्हा तपासलं गेलं. मी कपाळाला हात लावून बसले.

मला सगळे नालोंगोच म्हणतात. जुळ्यांच्या आईला आमच्याकडे दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही; माझं खरं नाव माझ्या शाळेतल्या पगारपत्रकापुरतं उरलंय. कंपालात मी मुलांना गणित शिकवते आणि शनिवार-रविवार अल्टिमेट खेळते, म्हणजे प्लास्टिकची तबकडी एकमेकींकडे फेकत न्यायचा सांघिक खेळ. चौदा वर्षं झाली. आमच्या बायकांच्या संघाची कप्तान मी, प्रशिक्षक मी, पोरींच्या घरी जाऊन बापांच्या मिनतवाऱ्या करणारीही मीच. आम्ही याआधी दोनदा देशाबाहेर खेळायला गेलो आणि दोन्ही वेळा एकही सामना न जिंकता परत आलो. आता मी एक्केचाळीस वर्षांची होते. उजव्या गुडघ्यात पाणी होत होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की लिस्बनची ही स्पर्धा खेळ आणि थांब. मला परदेशात एक सामना जिंकायचा होता. एकच. शेजारच्या ओळखीच्या बाईला सांगण्याजोगा, पोरांना सांगण्याजोगा, एक.

आणि मला मिळाल्या या गुणी पोरी.

आमच्या खेळात पंच नसतो, हे आधी सांगते, कारण माझा सगळा वैताग तिथेच आहे. कोणी धक्का दिला तर जिला लागला तिनेच ओरडायचं, "फाऊल." समोरचीने एक तर मान्य करायचं, नाही तर म्हणायचं, "अमान्य." मग दोघींनी चार वाक्यांत बोलून मिटवायचं. नाहीच पटलं तर तबकडी मागच्या जागी आणि खेळ पुढे सुरू. रेघेच्या आत की बाहेर, हेही खेळणाऱ्यांनीच ठरवायचं. जिला नीट दिसलं तिचं ऐकायचं. सगळा खेळ माणसाच्या जिभेवर चालतो. जीभच उचलत नसेल तर काय करायचं?

पहिल्या दिवशी आमचे दोन सामने झाले. पहिला ब्रिटनच्या कॉलेजातल्या मुलींशी. तो हरलो, पण झुंजून हरलो. त्या आमच्याच वयाच्या, म्हणजे पोरींच्या वयाच्या. नाबुकेन्या त्यांच्याशी अशी काही भांडली की मला अभिमान वाटला. ही नाबुकेन्या सहा फूट उंच. कंपालाच्या टॅक्सीस्टँडवर कंडक्टरने भाडं वाढवलं तर ती त्याची सात पिढ्यांची चौकशी करते आणि जुन्या भाड्यातच घरी जाते. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मी निर्धास्त असते.

दुसरा सामना फ्रान्सशी होता. त्यांची एक बचावपटू पन्नाशीची, केस पांढरे. तिने नाबुकेन्याच्या हातावर सरळ फटका मारला, तबकडी खाली पडली. मी बाहेरून ओरडले, "फाऊल म्हण!" नाबुकेन्याने त्या बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मी फक्त तबकडीला हात लावला." आणि आमची सहा फुटी वाघीण गुडघ्यात वाकली, नजर जमिनीकडे, आवाज मांजरीच्या पिल्लाचा. "बरं, आई," म्हणाली.

आई!

असं त्या सामन्यात सात वेळा झालं. मी मोजलं. सात वेळा आमच्याकडची तबकडी आम्ही आदराने त्यांना देऊन टाकली. सामना दोन गुणांनी गेला.

"काय गं हे?" मी मैदानाच्या कडेला तिला धरलं. "तुझा हात लाल झालाय!"

"अहो, केस पांढरे होते त्यांचे," नाबुकेन्या म्हणाली.

"मग?"

"मग काय? त्यांना खोटं पाडू? माझ्या आईच्या वयाच्या बाईला? तोंडावर?"

"कंडक्टरला पाडतेस ना!"

"तो पुरुष आहे, नालोंगो. आणि चोर आहे."

मी हात टेकले. दुसऱ्या दिवशी इटली. तिसऱ्या दिवशी स्पेन. प्रत्येक संघात एखादी तरी बाई चाळिशीपुढची निघायचीच. या देशांत बायका नातवंडं झाली तरी खेळतात, हे मला कौतुकाचं वाटायचं, आता शाप वाटायला लागलं. जी म्हातारी जिथे उभी असेल तिथून आमची फळी फुटायची. बातमी पसरली असणार. स्पेनने तर त्यांची सगळ्यात वयस्कर खेळाडू मुद्दाम किसाक्येवर लावली असं मला आजही वाटतं. किसाक्ये आमची सगळ्यात वेगवान. ती त्या बाईंच्या पुढे धावायचीच नाही. "ओलांडून कसं जायचं, बरं दिसतं का," म्हणाली.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना मैदानाच्या कोपऱ्यात बसवलं. आजूबाजूला बाकीचे संघ गाणी म्हणत होते, मांस भाजत होते. आमच्यापुढे उकडलेले बटाटे होते, आणि केळ्यांच्या मटोकेची आठवण काढून दोघीजणी रडवेल्या झाल्या होत्या. मला कीव आली नाही.

"उद्या शेवटचा सामना," मी म्हणाले. "पंधराव्या क्रमांकासाठी. सोळा संघांत पंधरावं यायचं आहे. जास्त मागत नाही मी. समोर डेन्मार्क आहे आणि त्यांच्या निम्म्या बायका पन्नाशीच्या आहेत."

कोणीतरी हळूच "अरे देवा" म्हणालं.

"हसू नका! ऐका. तुमच्या आयांनी तुम्हाला चांगलं वळण लावलं. घरी जा, वळण पाळा, मला काही म्हणायचं नाही. पण त्या रेघांच्या आत गुडघा टेकलेला मला दिसला, तर त्याच गुडघ्यावर आपल्या एंटेबेच्या विमानतळापर्यंत चालत पाठवीन. उभं राहायचं. डोळ्यांत बघायचं. जे दिसलं ते सांगायचं, समोर कोणीही असो. या खेळात दुसरं काही नाहीच. शिट्टी वाजवायला कोणी येणार नाहीये."

"आणि त्यांना वाईट वाटलं तर?" मिरेंबेने विचारलं. ही आमची सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांची. विमानतळावर खाली बसलेली तीच. तिचा आवाज इतका बारीक की मैदानावर ती हाक मारते ते कोणाला ऐकू जात नाही, तिचे हात हलताना दिसले की आम्ही समजून घेतो.

"वाटू दे," मी म्हणाले.

डेन्मार्कची कप्तान बेंटे. अठ्ठावन्न वर्षांची, वेणी पूर्ण पांढरी, गुडघ्याला माझ्यासारखाच पट्टा. सामन्याआधी ती हसत आमच्याकडे आली आणि मी मागे वळून पाहिलं, तर अकराच्या अकरा पोरी वाकायच्या बेतात. मी नुसते डोळे वटारले. त्या सरळ झाल्या, पण तिला आपसात "जाजा" म्हणायला लागल्या. जाजा म्हणजे आजी. झालं, म्हटलं, आता आजीबाईंच्या अंगणात खेळायचं आहे.

पण काय झालं कोण जाणे. दुसऱ्याच गुणाला बेंटेचा खांदा नाबुकेन्याला लागला. नाबुकेन्या म्हणाली, "फाऊल." घाबरत, पण म्हणाली. बेंटे लगेच म्हणाली, "हो गं, माझंच चुकलं." आणि पाठीवर थाप मारून पुढे गेली. नाबुकेन्या माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू छप्पर कोसळायला हवं होतं आणि कोसळलं नाही.

मग आम्ही खेळलो. खरंच खेळलो. किसाक्ये धावली, म्हाताऱ्यांना ओलांडून धावली, दर वेळी ओलांडताना "माफ करा" म्हणत, पण धावली. आठ-आठ झाले, अकरा-अकरा झाले. माझा गुडघा सुजून बटाटा झाला होता, तरी मी बाहेर बसले नाही. बारा-बारा. आता जो पुढचा गुण घेईल त्याचा सामना.

मी स्वतःलाच मैदानात ठेवलं. किसाक्येला बसवून. कप्तानाला कोण विचारणार?

तबकडी आमच्याकडे आली. चार फेकी नीट झाल्या. मग नाबुकेन्याने लांब फेकली, मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, जिथे झेलली की गुण, अगदी कोपऱ्यात, माझ्यासाठी. बेंटे माझ्या मागे होती, दोन पावलं मागे पडलेली. मी उडी मारली. तबकडी हातात बसली तो आवाज मला अजून आठवतो. मी खाली आले. खाली पाहिलं. उजव्या बुटाचं टोक पांढऱ्या रेघेवर होतं. रेघेवर म्हणजे बाहेर.

मी पाय आत ओढला आणि वळले.

"आत?" बेंटेने धापा टाकत विचारलं. "मला तुझ्या पाठीमुळे दिसलं नाही."

"आत," मी म्हणाले.

आमच्या पोरी ओरडत धावत आल्या होत्या, त्या थबकल्या. बेंटेने आजूबाजूला पाहिलं. मिरेंबे माझ्यापासून तीन पावलांवर होती, रेघेला अगदी सरळ. "तुला सगळ्यात नीट दिसलं असणार," बेंटे तिला म्हणाली. "काय झालं?"

मिरेंबेने माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. शाळेत ज्या नजरेने मी अख्खा वर्ग गप्प करते, त्या नजरेने पाहिलं, खोटं कशाला बोलू. तिचे गुडघे वाकायला लागले. मला स्पष्ट दिसलं. मग ते वाकले नाहीत. ती उभी राहिली, माझ्या डोळ्यांत बघत, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

"नालोंगो, तुमचा पाय बाहेर होता."

मी तबकडी खाली ठेवली. डेन्मार्कने ती उचलली. सहा फेकींत त्यांनी गुण घेतला. आम्ही सोळाव्या.

सामना झाला की दोन्ही संघ एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून गोल करून उभे राहतात, आणि कप्तान बोलतात. मला कोणाच्या खांद्यावर हात टाकायचा नव्हता. मिरेंबे नेमकी माझ्या शेजारी आली. ती रडत होती, नाक ओढत होती, आणि मला तिचा इतका राग आला होता की माझा हात तिच्या खांद्यावर लाकडासारखा पडला होता. चौदा वर्षं. एक बूट, दोन बोटं पुढे. हिला आजच, माझ्यावरच, वाचा फुटायची होती.

बेंटे म्हणाली, "पस्तीस वर्षं खेळते आहे मी. शेवटच्या गुणाला आपल्याच कप्तानाविरुद्ध खरं बोलणारी पोर मी पाहिली नाही." मग माझ्याकडे वळली. "हे तू शिकवलंस त्यांना. तुझा पाय पडला हे तुला कळलंही नसेल, पण तू यांना असं शिकवलंस की यांना भीती वाटली नाही."

सगळ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. माझ्यासाठी.

मला ते सहन झालं नाही. "मला कळलं होतं," मी इंग्रजीत म्हणाले, सगळ्यांना समजावं म्हणून. "मी खाली पाहिलं होतं. पाय रेघेवर होता. मी तो ओढून घेतला आणि खोटं बोलले."

टाळ्या थांबल्या. बेंटेने मान हलवली. मला वाटलं, आता आमच्या पोरी तोंडात बोटं घालतील, यांची नालोंगो खोटारडी निघाली. पण कोणाच्याच चेहऱ्यावर काही हललं नाही. किसाक्ये बुटांकडे बघत होती.

"काय गं?" मी आमच्या भाषेत तिला विचारलं.

"काही नाही."

"बोल."

"आम्हाला दिसलं होतं, नालोंगो," ती म्हणाली. "आम्ही पाचजणी बाहेर तिथेच बसलो होतो ना, रेघेला लागून. पाय ओढलात तेही दिसलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

तिने मान वर केली नाही. "तुम्ही मोठ्या आहात," ती म्हणाली.

माझा मिरेंबेवरचा राग तिथल्या तिथे गेला. तिने तोंड उघडलं नसतं, तर मी जिंकून घरी आले असते. शेजारच्या बाईला सांगितलं असतं, पोरांना सांगितलं असतं, शाळेत सांगितलं असतं, दर नाताळला पुन्हा सांगितलं असतं, तेरा-बारा, शेवटचा झेल माझा. आणि दर वेळी त्या पाचजणी समोर बसून, नजर जमिनीकडे लावून, "हो नालोंगो" म्हणाल्या असत्या.