माझी राख पाहिली का कुणी?

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे आणि मी कुणाची माफीबिफी मागायला बोलत नाहीये. नावड्याला गोजराबाईंच्या खानावळीत मी भात शिजवते. भुसा दाबून केलेले पेलेटचे तुकडे हे माझं खाणं. पाठीला छोटा पंखा आहे, तो जाळीतून हवा ओढतो. हवा पोटभर मिळाली की माझी राख करडी आणि पिठासारखी मऊ पडते. तीच राख हाताला चोळून गोजराबाई बुळबुळीत वाम कापायच्या, म्हणजे मासा हातातून निसटत नसे. आसपासच्या कंपन्यांतले कामगार बोटं चाटत उठायचे. कौतुक बाईंचं व्हायचं, माझं नाव कुणी काढत नसे. चालायचंच.

दसऱ्याला त्यांच्या मुलाने, भावेशने, मला पुसलं, हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा भलामोठा हार बरोब्बर माझ्या जाळीवर टांगला. पूजेचा हार, म्हणून तो कुणी काढेना. फुलं सुकली, पंख्याने पाकळ्या ओढून घेतल्या, जाळी गच्च झाली. अहो, माझं नाक दाबायचं आणि वर माझ्याकडून कामही करून घ्यायचं? मी धुमसू लागले. भात कच्चा राहायचा आणि गिऱ्हाइकं डोळे चोळत उठून जायची.

दोष मात्र माझाच! भावेश म्हणाला, म्हातारी झाली ही, भंगारात देऊन टाकू. भंगारवाला आलासुद्धा, त्याने मला एका बाजूने उचलून वजनाचा अंदाज घेतला. जो तो धुराला शिव्या देत होता. राखेकडे बघायला कुणाला सवड नव्हती. असा संताप आला म्हणून सांगू!

तेवढ्यात मागच्या मोरीत वाम कापायला बसलेल्या गोजराबाई आत आल्या. त्यांचे हात काळेकुट्ट, मासाही काळा. चिमटीतली राख चोळत त्या भावेशला म्हणाल्या, "ही राख काली हाय. पुरती जललीच नाय. हिला वारा मिलत नाय, पाठीमागं बघ जरा."

भावेशने हार काढला, जाळीतून मूठभर पाकळ्या उपसल्या आणि मला पेटवलं. मी अशी फुलले की धुराचं नाव नाही.

तर मित्रांनो, मला हार नको, नमस्कारही नको. राख काळी पडली, तर आधी जाळी साफ करा, पेलेट ओले नाहीत ना ते बघा, आणि मग मला म्हातारी म्हणा.

भंगारवाल्याला गोजराबाईंनी तसंच जाऊ दिलं नाही, जेवायला बसवलं. त्याने भात दोनदा मागून घेतला. मला उचलायला आला होता, माझ्यावरचं जेवून गेला.