कबरीवरचं उरलेलं शेवाळ

माझ्या सासऱ्यांना, एवाल्डना, मातीत ठेवून तीन आठवडे झाले होते. त्या सकाळी सॅलमँडरांच्या वाडग्यात मला त्यांच्या बुटांचे ठसे दिसले. उजव्या टाचेचा कोपरा तुटलेला. गावात तसे बूट दुसऱ्या कुणाचे नव्हते.

वाडगं घरामागे, सावलीच्या बाजूला. कमरेइतकी दगडी भिंत, वर जाळीचं झाकण, आत बीच झाडांचा पाला, कुजके ओंडके आणि एक उथळ हौद. त्यात पालीसारख्या दिसणाऱ्या, ओल्यात राहणाऱ्या सॅलमँडरच्या अकरा माद्या, काळ्याकुळकुळीत, पाठीवर पिवळे ठिपके. एकुलता नर मागच्या हिवाळ्यात मेला. खालच्या ओढ्यातली ही शेवटची जात. बुरशीच्या रोगानं सगळं जंगल कधीच रिकामं केलं होतं. म्हणून आमच्याकडे जंगलाचे बूट वेगळे आणि वाडग्याचे वेगळे, दारात औषधाच्या पाण्याचा टब. पालासुद्धा सासरे आधी भट्टीत भाजायचे.

"या अकरांना जप, अंके," शेवटी ते मला म्हणाले होते. मुलाला नाही, बायकोला नाही, मला.

आणि हे ठसे त्यांच्या जंगलाच्या बुटांचे होते.

"ओपा आले होते," मेरले म्हणाली. चार वर्षांची माझी मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीत दूध पीत बसली होती. आजोबांना ती ओपा म्हणायची.

"कधी?"

"तू दूध तापवत होतीस तेव्हा. काळ्यांना पांघरूण घालत होते."

मी तिचे हात साबणानं दोनदा धुतले. सॅलमँडरच्या कातडीत विष असतं. तिनं एकीलाही हात लावला नव्हता, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी पावसाची भुरभुर होती. मी गांडुळं घेऊन गेले, तर अकराही जणी बाहेर, माना वर करून दाराकडे बघत बसलेल्या. सासरे यायचे तेव्हा अशाच बसायच्या. माझ्यासाठी आजवर एकही बसली नव्हती. मागे वळून बघायचं मी टाळलं. त्या काळोख्या ओल्यात एका ओंडक्यावर हिरवंगार, ताजं काहीतरी दिसलं, पण वाकून बघायला पाय थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दूध तापवलंच नाही. खिडकीत उभी राहिले. धुक्यातून त्यांचा हिरवा कोट आला, ते बूट आले, टाच तशीच खरडत. मेरलेला मी पोटाशी धरलं. कोट जाळी उचलून आत वाकला, आणि टोपीखालून पांढरी वेणी खाली लोंबली.

मी धावत गेले. "ओमा, काय करतेयस?"

"दिसत नाही? पांघरूण घालतेय." सासूबाईंच्या, मेरलेच्या ओमाच्या, हातात शेवाळाचा गादीएवढा तुकडा होता. "कबर थंडीसाठी झाकली, त्यातलं उरलं. टाकून देऊ? एवाल्ड कुडकुडतो, याही कुडकुडतात."

"शेवाळ कुठलं?"

"ओढ्यापलीकडचं. मग काय, विकतचं घालू माझ्या माणसावर? तुमच्या शहरात घालत असतील."

"आणि बूट त्यांचे?"

"माझे गळतात." मग हळूच, "आणि हे त्याच्यासारखे वाजतात."

"ओमा, ते जंगलाचे बूट आहेत."

तिनं पायांकडे पाहिलं. मग कोरड्या टबाकडे. मग ती भिंतीवर बसली आणि शेवाळ मांडीवरच राहिलं. सासरे गेल्यापासून टब भरायचं मीही विसरले होते. तो विषय तिनं काढला नाही.

जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, तपासणीला दोन आठवडे लागतील. तोवर सगळ्यांना वेगवेगळं, पंचवीस अंशांत, दहा दिवस ठेवा. बुरशीला ऊब सोसत नाही. पण घरात तेवढी ऊब एकाच खोलीत होऊ शकत होती, जिथे सासरे शेवटी पडून होते. ती खोली ओमानं कुणाला उघडू दिली नव्हती. तिनं एप्रनच्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

त्यांच्या पलंगावर अकरा डबे मांडले. शेगडी तापली तशी गादीतून कापराच्या मलमाचा वास वर आला, जणू ते आत्ताच कूस बदलून झोपलेत. डब्यांतून ओल्या पंजांची खरखर दिवसभर चालायची. ओमा दाराबाहेर खुर्ची टाकून ऐकत बसायची. सहाव्या दिवशी सगळ्यात लहान मादी मेली. नंतर निकाल आला, दोघींच्या अंगावर बुरशी होती, त्यातली ती एक.

उरलेल्या दहा जणी हिवाळाभर तळघरात राहिल्या. मी पाला जाळला, माती उपसली, दगड उकळत्या पाण्यानं धुतले. ते बूटही जाळले. ओमा बघत होती.

मार्चमध्ये त्यांना परत वाडग्यात सोडलं. आठवड्यानं हौदात काहीतरी हललं. बोटाच्या पेराएवढी, कल्ले फुललेली पिल्लं. थोरली मादी काठावर बसली होती.

मी ओमाला हाक मारली. ती आपल्या गळक्या बुटांनी आली, टबात उभी राहिली, बराच वेळ.

"येऊ आत?"

"ये."

ती पाण्याकडे वाकली. "बाप तर कधीच गेला."

"तिनं त्याचं बीज पोटात जपून ठेवलं असणार. त्यांच्यात राहतं तसं, वर्ष वर्ष."

"त्याला सांगून येते," ती म्हणाली. दारातून वळून, "काळजी करू नकोस, शेवाळ आणत नाही."

ती खडीवरून कबरस्तानाकडे निघाली. मेरलेनं कान टवकारले.

"ओपा चाललेत," ती म्हणाली.

मीही ऐकलं. उजवी टाच, तशीच खरडत. ते बूट मी माझ्या हातांनी जाळले होते.