ओल्या बोटांचं घड्याळ

मी पाच बटणांचं स्मार्टवॉच बोलतोय. अंगाने जाडजूड, रंगाने डांबरासारखा. देखणा म्हणून मला कधीच कुणी हाती धरलं नाही.

जन्म कारखान्यातला. त्यातलं आठवतं ते स्वप्नासारखं: पांढरा उजेड, आणि माझं एकेक बटण दाबून कान लावणारी एक मुलगी. पाचही वेळा 'टक' ऐकून तिने मान डोलावली. मग खोक्यातली लांबलचक झोप. जाग आली ती दुकानातल्या काचेच्या कपाटात. शेजारची घड्याळं गुळगुळीत, नुसत्या स्पर्शाने उजळणारी. गिऱ्हाइकं मला उचलायची, "बटणं? अजून?" म्हणायची आणि ठेवून द्यायची. असे आठ महिने गेले.

एका दुपारी पोहण्याच्या बाई आल्या. सार्वजनिक जलतरण तलावावर अठ्ठावीस वर्षं पोहायला शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. बरोबर त्यांची लेक, दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर.

"आई, हे घे. नुसतं बोट फिरवायचं," लेकीने एक चकचकीत घड्याळ पुढे केलं.

बाई दुकानदाराला म्हणाल्या, "पेलाभर पाणी मिळेल?"

त्याला वाटलं, तहान लागली असेल. बाईंनी पेल्यात बोटं बुडवली आणि टपटपत्या हाताने ते घड्याळ चाचपायला सुरुवात केली. दुकानदार धावत पुढे आला.

"अहो बाई, हे काय करताय!"

"मी रोज सकाळी तळ्यात पोहते. तुमचं हे लाडकं बाळ ओल्या हाताला ओळखतं का, ते बघतेय."

बाळाने ओळख दाखवली नाही. दुसऱ्याने तर भलतंच गाणं लावलं. मग बोट माझ्यावर आलं. त्या बोटांची कातडी पाण्याने कायमची सुरकुतलेली. टक. टक. मी प्रत्येक दाबाला जागलो.

"याला कळतंय," बाई म्हणाल्या.

"अगं, पण किती थोराड दिसतंय!"

"दिसू दे. मला काय सोयरीक जुळवायचीय त्याच्याशी?"

मला घरी आणल्यावर, आपल्या शहरी परतण्यापूर्वी लेकीने मला सगळं शिकवलं. बाईंना म्हणाली, "डावीकडचं खालचं बटण दाबून धरलंस, की हे निघाल्या जागेची वाट दाखवेल. तोंड बरोबर दिशेला असलं की एकदा लांब थरथरेल, चुकलं की दोनदा तुटक. आणि तू कुठे पोहलीस, ते रोज माझ्या फोनवर दिसेल. तेवढं तरी मला हवं."

बाईंनी हसण्यावारी नेलं.

तळ्यातल्या त्या सकाळी! हात पाण्यात शिरला की जग हिरवं आणि मुकं व्हायचं, वर आला की आभाळाचा तुकडा चमकायचा. मनगटाखालून बाईंची नाडी संथ चालायची. मी वेळ मोजतोय, की वेळच मला झुलवतेय, हे कळेनासं व्हायचं.

एका सकाळी त्या मधोमध असताना धुकं उतरलं. आवाज न करता आलं, आणि काठ पुसून गेला. झाडं नाहीत, पायऱ्या नाहीत. वर दूध, खाली शाई. बाई एका बाजूला गेल्या, थांबल्या, दुसऱ्या बाजूला वळल्या. पाणी गार होतं. नाडी पळायला लागली. त्यांनी मला डोळ्यांशी धरलं, पण चष्मा काठावर राहिलेला.

"आता गं बाई," त्या पुटपुटल्या.

मग त्या उताण्या झाल्या, हात पाण्याबाहेर काढला आणि बधिर अंगठ्याने बटण शोधलं. पहिलं चुकलं. दुसरं दाबून धरलं. मी दोनदा थरथरलो. त्या थोड्या वळल्या. पुन्हा दोनदा. आणखी वळल्या, आणि मी जीव एकवटून लांब थरथरलो. दहा हात मारायचे, थांबायचं, मला विचारायचं. असं किती वेळ चाललं, ते मला नेमकं ठाऊक आहे. बाईंना विचाराल तर त्या 'जन्मभर' म्हणतील. शेवटी गुडघा पायरीला आपटला, आणि त्या तिथेच बसून रडल्या.

तासाभरात लेकीचा फोन आला. "आई, आज नकाशावर नुसता गुंता दिसतोय. काय झालं?"

"काही नाही. रमले जरा."

बाई फोन ठेवायला गेल्या, पण ठेवला नाही. मग बाईच म्हणाल्या, "वाट चुकले गं. फार भ्यायले."

शनिवारी लेक दारात हजर. वाटलं, आता तळं बंद होणार. तिने पिशवीतून नवाकोरा पोहण्याचा पोशाख काढला. "मुलखाच्या मुलांना शिकवलंस, आणि मी अजून कमरेएवढ्या पाण्यात थरथरते. तुला माझ्यासाठी कधी वेळच नव्हता, आई. आता शिकव."

बाईंनी पोशाखाची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "टॉवेल घेतलास का?"

त्याला सहा वर्षं झाली. बाईंचा खांदा आता वर जात नाही. सुट्टीच्या सकाळी मी लेकीच्या मनगटावर असतो, आणि बाई पायरीवर बसून "पाय सरळ ठेव!" असं ओरडतात. माझं एक बटण रुतलंय, बॅटरी तासाभरातच मान टाकते. परवा लेक म्हणाली, नवं घेऊ या.

घ्या की. पण मला कपाटात ठेवायची घाई नको. तळ्याच्या एका फेरीला चाळीस मिनिटंच लागतात.