काटा थंडावरच

भिकाजीची मोटार लढाईच्या आधीची, विलायती. मालवणहून सावंतवाडीला, कधी घाट चढून बेळगावला भाडं नेण्यावर त्याचा संसार चालायचा. अठ्ठावन्न सालच्या दिवाळीआधी तो ती सत्यवान मिस्त्रीच्या शेडमध्ये घेऊन आला.

"सत्या, इंजनाच्या उष्णतेचो काटो वर येनाच नाय रे. कितीय धाव, थंडावरच."

सत्यवान मुंबईत मोठ्या गॅरेजात बारा वर्षं काढून आलेला. अंदाजानं काम करणं त्याला आवडत नसे. इंजिनाच्या माथ्यावरून त्यानं काट्याचा बल्ब, म्हणजे पाण्यात बुडून उष्णता मोजणारं टोक, काढला, त्याला जोडलेल्या बारीक तांब्याच्या नळीला धक्का न लावता तो स्टोव्हवरच्या उकळत्या पाण्यात बुडवला आणि भिकाजीला आत काट्यापाशी बसवलं. काटा सरसर चढून दोनशे बारा फॅरनहाइटवर, बरोबर पाणी उकळतं त्या अंकावर, थांबला.

"काटो बरो आसा," सत्यवान म्हणाला. "म्हणजे तुजा इंजनच थंड चलता."

मग त्यानं रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळाचं तोंड उघडलं. पाणी तापेपर्यंत त्याची वाट अडवून धरणारी झडप, थर्मोस्टॅट, तिथं नव्हतीच. कुणीतरी कधीचीच काढून टाकली होती. सत्यवानला मनापासून बरं वाटलं. कारण हातात सापडलं होतं. तशी झडप आता मिळणं कठीण, म्हणून त्यानं रेडिएटरच्या अर्ध्या तोंडावर पुठ्ठा बांधला, वारा कमी लागावा म्हणून.

"रोज तांब्याभर पाणी घालूक लागता हां," भिकाजी जाता जाता म्हणाला.

"जुनी गाडी. पाणी पितलीच."

"मगे घाटात घडोघडी थांबूक नको मां?"

"नको. काटो खोटा बोलना नाय. तो थंड, तर इंजन थंड."

तीन आठवडे गेले. भाताच्या झोडणीत भिकाजीच्या बायकोच्या, सुभद्राच्या, डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. दोन दिवस तिनं दुधाची पट्टी ठेवली. तिसऱ्या दिवशी डोळा पांढरा पडायला लागला तेव्हा मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजच्या आज बेळगावला न्या.

भिकाजीनं पहाटे गाडी काढली. एरवी आंबोलीच्या पायथ्याला तो हमखास थांबायचा, झाकण उघडून पाणी बघायचा. त्या दिवशी बायको शेजारी कण्हत होती आणि काटा थंडावर होता. तो थांबला नाही. अर्ध्या घाटात इंजिनातून करकर आवाज आला, आणि गाडी जागच्या जागी थिजली. तेव्हाही काटा थंडावरच होता.

सकाळभर वाहन आलं नाही. दुपारी एक लाकडाचा ट्रक थांबला. तोही वर आंबोलीपर्यंतच जाणारा. बेळगावला ती दोघं दुसऱ्या दिवशी पोचली. तिथल्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि कुणाला दोष न देता एवढंच म्हटलं, काल आला असतात तर प्रयत्न करता आला असता.

मोटार ओढून आणली ती सत्यवानच्याच शेडमध्ये. त्यानं झाकण उघडलं. आत थेंबभर पाणी नव्हतं. पाण्याच्या पंपाचं पॅकिंग गेलं होतं. गाडी पळायची तेव्हाच ते पाणी फेकायचं, उभी राहिली की कोरडं. पाणी उतरलं की माथ्यावरचा बल्ब रिकाम्या पोकळीत लटके, मग खाली लोखंड लाल झालं तरी काटा कशाला चढेल? झडप नव्हती, हे खरंच होतं. पण एक कारण सापडल्यावर त्यानं दुसरं शोधलंच नव्हतं. त्यानं पुठ्ठा सोडवला आणि बराच वेळ तो हातात धरून उभा राहिला.

पिस्टन सिलिंडरला चिकटून बसले होते. महिनाभर खटपट करूनही इंजिन फिरलं नाही. मोटार भंगारात गेली. भिकाजी दुसऱ्याच्या लॉरीवर ड्रायव्हर म्हणून लागला.

माघात सत्यवान त्याच्या घरी गेला. घरापुढच्या खळ्यात भिकाजी काथ्याचं सुंभ वळत बसला होता.

"चूक माजी आसा, भिका. तू पाण्याचा सांगितलेलंस. मी ऐकूक नाय."

भिकाजीचे हात थांबले नाहीत. "दर वेळी मी पायथ्याक थांबतंय," तो म्हणाला. "त्या दिवशी थांबाक नाय." सत्यवानला त्यात आपल्याला दोषातून सोडल्यासारखंही ऐकू आलं, आणि पुरतं धरल्यासारखंही.

सुभद्रा चहा घेऊन आली. "बसा, भावोजी," म्हणत तिनं कपबशी ओट्यावर ठेवली. ठेवली असं तिला वाटलं. ओट्याची कड चार बोटं अलीकडेच संपली होती. कपबशी खाली पडून फुटली.

"एका डोळ्याची अजून सवय झाली नाय," ती म्हणाली, आणि दुसरा कप आणायला आत गेली.

सत्यवान खाली वाकून एकेक तुकडा वेचत राहिला.