हाकेच्या अंतरावर

मी एक जुनी दोरी आहे. कपडे वाळत घालायची, साधी सुती. हसू नका मित्रांनो! तळ्याकाठचं हे घर केवढं असावं, ते माझ्यावरून ठरलंय. आहे का तुमच्या ओळखीत अशी दुसरी दोरी?

तीन पदर घट्ट वळून मला बनवलं. मग कितीतरी वर्षं एका आईच्या अंगणात मी ओल्या चादरी पेलल्या, पण तुटले म्हणून नाही. आई शेजारणीला सांगायची, "दोरी असावी तर अशी!" तेव्हा मी आणखीच ताठ व्हायचे.

आईची तीन मुलं तीन गावांत राहायची. सुट्टीत सगळ्यांना एकत्र राहता यावं म्हणून तिघांनी मिळून तळ्याकाठी जागा घेतली. एका सुट्टीला सगळे ती बघायला आले. मीही होते, गाडीच्या टपावर सामान बांधून. आणि घर केवढं बांधायचं यावरून जी जुंपली, काय सांगू!

थोरला म्हणाला, "प्रत्येकाला दोन खोल्या हव्यातच. बायकापोरं घेऊन यायचं तर ऐसपैस नको?"

"आणि एवढं झाडणार कोण? तू?" मधलीने विचारलं.

"मग बांधूच नका ना!" असं म्हणून धाकटा गाडीत जाऊन बसला. त्याने दारही आपटलं. पाया खणण्याआधीच घर मोडतंय, असं मला वाटलं.

आईचं नुकतंच घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज पार खाली गेला होता. ती पुटपुटली, "मला काय कळतंय त्या खोल्यांतलं? सगळे हाकेच्या अंतरावर असा, म्हणजे झालं."

"चला, मोजूनच टाकू हाकेचं अंतर!" मधली चेष्टेने म्हणाली. तिने मला टपावरून सोडलं. स्वयंपाकघर जिथे होणार तिथे आईला स्टुलावर बसवून माझं एक टोक तिच्या हातात दिलं. दुसरं टोक घेऊन थोरला निघाला, तो आपली शेवटची खोली जिथे होणार तिथपर्यंत गेला. तिथे खुंटी ठोकून मला बांधलं आणि तळ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"ढब्बू!" आईने त्याला लाडक्या नावाने हाक मारली.

तो ढिम्म. तिने पुन्हा हाक मारली, सगळा जोर लावून. माझं टोक तिने मुठीत गच्च आवळलं.

थोड्या वेळाने तो मागे वळून ओरडला, "आई, मार की हाक!"

मधलीने मान फिरवली. तेव्हा थोरल्याला उमगलं. त्याने ती खुंटी स्वतःच उपटली. मला गोळा करत, थांबत थांबत तो आईकडे येत राहिला. हाक ऐकू आली, तिथे त्याने पुन्हा खुंटी ठोकली आणि धाकट्याला गाडीतून ओढून आणलं. "इथपर्यंतच बांधायचं," एवढंच तो म्हणाला.

माझा अर्ध्याहून जास्त भाग त्या दिवशी गवतात मोकळा पडून राहिला. आजवर पेललेल्या सगळ्या चादरींपेक्षा मला त्याचाच जास्त अभिमान वाटतो.

घर लहानच झालं. बाथरूमपुढे रांग लागते आणि पायात पाय अडकतात. "एवढी जागा असून एवढंसंच?" असं पाहुणे विचारतात, तेव्हा मागच्या दारी मी ऐटीत झुलत असते. माझा एक पदर सुटलाय, पण धाकटा तो दर सुट्टीत पुन्हा वळून नीट करतो.

आईचा आवाज आता आणखी खाली गेलाय. तिची हाक शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. थोरल्याने यंदा मला मोजायला काढलंच नाही. आपली खाट उचलली आणि आईच्या खोलीत नेऊन टाकली.

मित्रांनो, दोरीची निगा राखा, तिला पावसात कुजू देऊ नका. आणि घरात कोणाचा आवाज खाली गेला, तर त्याला मोठ्याने बोलायला सांगू नका. तुम्ही जवळ सरका.