जोडपिस्टन

"पाणी कढलां काय गो?" सोप्यावरून भिकाजीने हाक मारली.

"कढलां," पद्मावती म्हणाली आणि चिमट्याने पिस्टन उचलून फडक्यात धरला. गरम पिस्टनात त्याला दांड्याशी जोडणारी पिन सहज जाते, हे आता तिला नवऱ्याने सांगावं लागत नव्हतं. त्यासाठी भाताचा एक टोपच तिने कायमचा वेगळा काढला होता.

भिकाजी डिचोलीचा पायलट. मोटारसायकलवर मागे गिऱ्हाईक बसवून गावोगाव सोडणारा. पोर्तुगीज गेले तेव्हा जाता जाता एका अंमलदाराने विकलेली दोन सिलिंडरची बीएसए त्याच्या बापाने घेतली होती. तिच्यावर भिकाजीने सगळी उमेद काढली. गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यात खनिजाच्या एका ट्रकाने त्याला रस्त्याकडेला उडवलं आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून तो घरात आणि त्याच्यापायी पद्मावतीही घरात. विहिरीवर कुणाशी दोन शब्द बोलत राहिली तरी हाक यायची. त्याची आंघोळ, त्याचं जेवण, त्याच्या शर्टाची बटणं. आणि आता हे इंजिन. तो पाटावर बसून सांगायचा, ती खोलायची. गाडी चालवणार कोण, हा विषय दोघांपैकी कुणीच काढला नव्हता.

मागच्या आठवड्यात कोरगावहून तिच्या भावाचा, रघुनाथचा, आईबद्दल निरोप आला होता. आवय जेवीनाशी झालीय, येऊन जा. शेजारच्या जानकीवैनी भिकाजीचं बघायला तयार होत्या. भिकाजी मात्र म्हणाला, "आधी इंजिन जोडूया. मगे जा."

म्हणून आज तिने सकाळचा चहाही उभ्यानेच घेतला होता.

तिने सोप्यावर येऊन पिस्टन दांड्यावर धरला, पिन ढकलली. पिन सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेचं बारीक लॉक बसतं. एक बसलं. दुसरं भिकाजीच्या डाव्या हातात होतं. आत काही पडू नये म्हणून इंजिनाच्या खालच्या पेटीचं तोंड तिने फडक्याने बुजवलं होतं. ती पक्कड घ्यायला वळली आणि वळता वळता तिने पाहिलं. त्याने फडकं ओढलं आणि लॉक आत सोडून दिलं.

"पडलां गो," तो म्हणाला. "आता सगळां परत खोलूक होया."

"पडूक नाय. तुमी घातलात."

भिकाजीने फडकं पाटाखाली सारलं.

"थंय माजी आवय मरता," ती म्हणाली.

"गाडी झाली की तू जातलंस," तो खाली बघत म्हणाला. "आणि परत येवचंस नाय."

पद्मावती त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नानंतर तिने त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्याचं रुसणं काढलं होतं, रागाने उपाशीही झोपली होती. पण परत न येणं तिच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. ते आज त्यानेच तिच्या हाती दिलं.

ती उठली. माळ्यावरच्या बिघडलेल्या रेडिओतलं लोहचुंबक काढून तिने दोऱ्याला बांधलं आणि पेटीत सोडलं. बराच वेळ नुसतं काळं तेल वर येत राहिलं. शेवटी लॉक चिकटून आलं. तिने ते पुसलं, जागेवर बसवलं आणि दुसरा पिस्टनही चढवला.

राहिला दोन्ही सिलिंडरांचा ब्लॉक. तो वरून उतरवताना पिस्टनांवरच्या रिंगा बोटांनी आवळून धराव्या लागतात. तिने ब्लॉक वर टेकवला आणि तिचे दोन्ही हात रिंगांपाशीच अडकले.

"दाबा," ती म्हणाली.

भिकाजी हलला नाही. रिंगांच्या कडा तिच्या बोटांत रुतल्या.

"दाबा म्हणतंय मी!"

त्याने डावा तळवा ब्लॉकवर ठेवला आणि अंगाचा भार टाकला. ब्लॉक सुळकन खाली बसला. त्याचा हात मात्र तिथेच राहिला. पद्मावतीने रॉकेलने बोटं धुतली, पिशवी भरली आणि दुपारची बस धरली.

आवयने तिला ओळखलं आणि मगच प्राण सोडला. बारा-तेरा दिवसांचं कार्य आटपल्यावर रघुनाथ म्हणाला, "अक्का, तू हयच ऱ्हव. काजू काढूक माणसां होयी, आणि घर काय परक्याचां नाय." तो मनापासून बोलत होता. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पाहुणे गेले होते; त्या रात्री पहिल्यांदाच तिला कुणी हाक मारली नाही आणि तिला झोपही लागली नाही. डाव्या हाताने शर्टाच्या बटणाशी झटापट करणारा भिकाजी डोळ्यांपुढून जाईना.

सकाळी ती निघाली. डिचोलीला उतरली तेव्हा खनिजाच्या ट्रकांची रांग चालली होती. घर पलीकडे, पण रस्ता ओलांडता येईना. तिला घेऊन आलेली बस तोंड फिरवून तिच्याशेजारीच उभी राहिली, रिकामी. कंडक्टरने दार धरलं.

"किते वैनी, परत कोरगावाक वता?"

तिने आतल्या बाकांकडे पाहिलं. मग नाही अशी मान हलवली. बस गेली. ट्रक येतच होते, लाल धूळ तिच्या केसांवर, पिशवीवर बसत होती. एका ट्रकवाल्याने गाडी हळू करून हाताने जा म्हणून खूण केली. तिने पदर नाकाला लावला आणि रस्ता ओलांडला.