विंडोज हाय, सर

सुजित सरांचं लक्ष ठकीच्या लॅपटॉपकडे गेलं आणि ते शिकवता शिकवता थांबले.

"ठकी, हे काय आहे?"

"विंडोज हाय, सर."

पालघरच्या त्या खोलीत सर, एका कंपनीतली नोकरी सांभाळून, दर रविवारी पाड्यांवरच्या मुलांना फुकट प्रोग्रामिंग शिकवत. जुने लॅपटॉप दुरुस्त करून, त्यांवर लिनक्स ही कुणा कंपनीच्या मालकीची नसलेली मोफत प्रणाली टाकून ते शिकणाऱ्यांना देत; अट एकच, लिनक्स काढायचं नाही. जव्हारकडची ठकी त्यांची पहिली विद्यार्थिनी; तिचा लॅपटॉपही त्यांनीच दिलेला. आता ती बोईसरला हेतलबेनच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात नोकरीला होती, सालवडला खोली घेऊन राहायची आणि रविवारी नव्या मुलांना शिकवायला यायची.

"कुणा कंपनीचं मिंधं व्हायचं नाही, हे तूच मुलांना सांगायचीस ना?"

सांगायची खरी. म्हणूनच तीन आठवडे ती लिनक्सवरच काम करायच्या हट्टाला पेटली होती. तारापूरच्या एका रसायन कारखान्यासाठी ती गॅसगळतीचा इशारा देणारं सॉफ्टवेअर लिहीत होती. पण गॅस मोजणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते संगणकाला जोडणारा प्रोग्राम, फक्त विंडोजवर चालायचा. लिनक्सच्या आत विंडोज चालवून पाहिलं, तर दर दहा मिनिटांनी जोडणी तुटायची. सगळा दिवस ती जुळवण्यातच जायचा. त्याच कारखान्यात तिचा भाऊ जिवल्या पाळीवर होता. शेवटी तिने लिनक्स काढलं आणि विंडोज टाकलं. चार दिवसांत अर्धं काम झालं.

हे सगळं तिने सरांना सांगितलं.

"अजून प्रयत्न करायला हवा होतास," सर म्हणाले.

"सर, तुमी कंपनीत काय वापरता?"

मुलं सरांकडे बघू लागली.

"तिथली गोष्ट वेगळी. तिथं माझ्या हातात नसतं."

"मंग माज्या तरी कुठं हाय? तुमाला नोकरीत चालतं, आनि मला लॅपटॉप फुकट मिलाला म्हनून तत्त्व मीच पालायचं?"

सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "लिनक्स परत टाक, नाहीतर लॅपटॉप ठेवून जा. नियम सगळ्यांना सारखा."

ठकीने आपलं काम पेनड्राइव्हवर घेतलं, लॅपटॉप मिटला, चार्जरची वायर गुंडाळून त्यावर ठेवली.

"ठेवते. तुमी शिकवलं ते विसरनार नाय. पन माज्या कामाला काय लागतं ते मीच ठरवनार."

सोमवारी तिने हेतलबेनला स्पष्ट सांगितलं, "मला विंडोजचं मशीन द्या. नायतर हे काम येलेत होनार नाय." हेतलबेनने काही न विचारता आपलाच लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

दहाव्या दिवशी कारखान्यात चाचणी झाली. यंत्रापाशी थोडासा गॅस सोडला आणि काही सेकंदांत भोंगा वाजला. कामगार रांगेने फाटकाबाहेर आले. त्यांच्यात जिवल्या होता. ठकीकडे बघून तो नुसताच हसला.

त्या रविवारी ती नेहमीच्या वेळेला पालघरला गेली. हेतलबेनचा लॅपटॉप तिने सगळ्यांसमोर उघडला. सर जवळ येऊन उभे राहिले.

"चाललं का ते?"

"चाललं."

"मुलांना दाखवशील?"

"दाखवीन. पन विंडोजवरच."

सरांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. ठकीने मुलांना जवळ बोलावलं आणि शिकवायला सुरुवात केली.